पाय उचला

मी एक जुना ब्रेक आहे. थांबा मित्रांनो, लगेच पान उलटू नका. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो ब्रेक मी नव्हे. तो माझा थोरला भाऊ. मी धाकटा. गाडी शिकवणारे मास्तर ज्या बाजूला बसतात, त्या बाजूला मला बसवलेलं होतं. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की मास्तरांनी मला दाबायचं आणि गाडी थांबवायची. एका सळईनं मला थोरल्याशी जोडलं होतं. मी खाली गेलो की तोही मुकाट्यानं खाली जायचा.

माझी जागा पायांशी, अंधारात. तिथून रस्ता मला कधी दिसला नाही. मला दिसायचा तो बुटाचा तळ, आणि वर काय चाललं आहे ते मी कानावर पडेल त्यावरून आणि त्या पायावरून ओळखायचो. माणूस तोंडानं काहीही सांगेल, पण त्याचा पाय खरं तेच सांगतो, असं तेव्हा मला वाटायचं. ते किती खोटं होतं, हे सांगायलाच मी बसलो आहे.

स्वस्थपणा माझ्या नशिबातच नव्हता. थोरल्याचं बरं होतं. पुढे सिग्नल आला, आता आपल्याला दाबणार, हे त्याला आधी कळायचं. मला काही म्हणजे काही कळायचं नाही. निवांत गप्पा चालल्या आहेत, कुणीतरी हसतं आहे, आणि धाडकन बूट अंगावर! त्यामुळे मी सदानकदा जीव मुठीत धरून बसलेला. आजही, कुणी दाबणारं उरलं नसताना, मला चैन पडत नाही. सवयीला औषध नाही, दुसरं काय!

माझा जन्म कारखान्यातला नाही. मिस्त्रींच्या गॅरेजात, एका तेलकट बाकावर मी घडलो. मिस्त्रींनी लोखंडाची पट्टी कापली, तापवून वाकवली, टोकाला चौकोनी तुकडा जोडला आणि त्यावर जुन्या टायरचं रबर चढवलं. मग अंगठ्यानं दाबून बघत मास्तरांना म्हणाले, "अगदी हलका केलाय बरं का. नुसता पाय टेकलात तरी काम करेल." मास्तर खूश झाले. मीही फुशारलो. हलका असणं हा मोठा गुणच आहे, असं मला वाटलं.

आता मास्तरांविषयी. अंगानं किडकिडीत, आवाज खणखणीत, आणि पायात रोज पांढरे स्वच्छ कॅनव्हासचे बूट. त्या बुटांशी माझी जन्माची गाठ. मास्तरांचा पाय कधी गप्प बसायचा नाही. टक टक टक, जमिनीवर ताल धरल्यासारखा सारखा हलायचा. पण रस्त्यावर काही वेडंवाकडं घडणार असलं की तो ताल तुटायचा, बूट अलगद माझ्यावर येऊन थांबायचा. दाबायचा नाही, नुसता तयार राहायचा. संकट टळलं की पुन्हा टक टक. इतका शहाणा पाय मी दुसरा पाहिला नाही. आता तुम्ही म्हणाल, तू दुसरे पाय पाहिलेस कधी? तेही खरंच!

मास्तर सगळ्यांना एकच धडा घोकून घ्यायचे. "रस्त्यात आपली जागा घ्यायची. कडेला चिकटायचं नाही, मधे घुसायचं नाही. आपली सोडायची नाही आणि दुसऱ्याची मागायची नाही." शिकायला कोण कोण आलं म्हणून सांगू? एक शिंपीकाका आले. जन्मभर पायमशीन चालवलेलं, त्यामुळे त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर मशीनसारखाच पुढेमागे झुलायचा आणि गाडी बेडकासारखी उड्या मारायची. "काका, शिवायचं नाहीये, चालवायचंय!" मास्तर ओरडायचे आणि मला दाबून दाबून माझा भुगा करायचे. तरी काका शिकले. एकदा गल्लीतून चेंडू आला, चेंडूमागून एक चिमुरडी आली. शिकणाऱ्या मुलीनं घाबरून डोळेच मिटले. मास्तरांचा पाय मात्र आधीच माझ्यावर होता. गाडी जागच्या जागी थांबली. त्या दिवशी मास्तरांनी खाली वाकून माझं रबर फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "शाब्बास रे धाकट्या." कितीदा आठवतं मला ते.

"माझ्या हाताखालून गेलेल्या माणसानं कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही," असं मास्तर छाती काढून सांगायचे. ते खरंही होतं. त्यांची सगळी अब्रू त्या एका वाक्यात होती, आणि त्या वाक्याचा सगळा भार मास्तरांच्या एका पायावर होता.

मग सिस्टर आल्या. त्या नर्स होत्या. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, असं काम त्यांना मिळणार होतं, पण स्वतः गाडी चालवता आली तरच. त्यामुळे त्यांना घाई. "मास्तर, येईल ना मला?" हा प्रश्न त्या बसल्या बसल्या विचारायच्या आणि उतरता उतरता विचारायच्या. हात खंबीर, पण समोरून मोठं वाहन दिसलं की त्यांची पाचावर धारण बसायची. गाडी थेट कडेला, गटाराच्या अंगाला सरकायची. "आपली जागा, सिस्टर, आपली जागा!" मास्तर म्हणायचे.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. गंमत आता म्हणतो, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. गाडी गुरगुरत होती, क्लच दाबलेला होता आणि तो हळूहळू सोडायचा होता. मास्तर म्हणाले, "सोडा." सिस्टरनी थोडा सोडला, गाडी निघाली. मास्तर म्हणाले, "सोडा, सोडा, पूर्ण सोडा!" आणि सिस्टरनी आज्ञाधारकपणे दोन्ही हात वर करून स्टीअरिंग सोडून दिलं. चालत्या गाडीत! गाडी निघाली सरळ फळ्यांच्या कुंपणाकडे. मी धाडकन खाली गेलो, आणि कुंपण वाचलं.

"अहो, स्टीअरिंग कशाला सोडलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, पूर्ण सोडा!"

मास्तर आधी चिडले आणि मग इतके हसले, की त्यांचा बूट माझ्यावरच थरथरत राहिला. त्या दिवसापासून त्या गाडीत 'सोडा' हा शब्द बंद झाला. क्लच असो, अ‍ॅक्सिलरेटर असो, मास्तर म्हणायचे, "पाय उचला." सिस्टर उचलायच्या. हा नेम पुढे सगळ्यांनाच लागू झाला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरा घोर लागला तो नंतर.

मास्तरांचा पाय टक टक करायचा हे मी सांगितलंच. अलीकडे ते अधूनमधून म्हणायचे, "मुंग्या येतात हो. आग होते तळव्याची. बसून बसून जड होतो पाय." म्हणायचे आणि समोर ठेवलेला गोड मिट्ट चहा पिऊन टाकायचे. डॉक्टरांकडे जा, असं घरून रोज टुमणं असायचं. मास्तर ते या कानानं ऐकायचे आणि त्या कानानं सोडून द्यायचे.

आणि एक दिवस तो पाय शांत झाला.

टक टक थांबली. आगही गेली म्हणे. "बघा, आपोआप बरं झालं की नाही?" मास्तर खुशीत म्हणाले. सगळ्यांना वाटलं, सुटले एकदाचे. मी मात्र घाबरलो. कारण तो पाय आता माझ्यावर यायचा आणि मग परत जायचाच नाही. संकट टळलेलं असायचं, गप्पा सुरू झालेल्या असायच्या, आणि बूट तसाच माझ्यावर. तयारीत नव्हे, नुसता पडलेला, ओल्या पोत्यासारखा. मिस्त्रींनी मला किती हलका केला होता, आठवतं ना? तेवढा भार पुरायचा. मी अर्धवट दाबला जायचो, थोरला अर्धवट दाबला जायचा, आणि गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेतच रस्ताभर ओढत चालायची.

मित्रांनो, तेव्हाची माझी तगमग काय सांगू! मास्तरांच्या पायाला काही कळत नाहीये, हे साऱ्या जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. मी ओरडत होतो म्हणजे काय, नुसता करकरत होतो. मास्तरांनी माझ्या सांध्यात दोन थेंब तेल सोडलं आणि तेवढंही बंद झालं.

गाडी जड झाली म्हणून सिस्टर अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबायच्या. त्यांना दुसरी गाडी ठाऊक नव्हती. गाडी अशीच चालवतात, असं त्यांना वाटायचं. मग जळका वास यायचा. मास्तर नाक वर करून म्हणायचे, "क्लचवर पाय ठेवून चालवताय तुम्ही. पाय उचला, सिस्टर."

"उचललाय."

"मग वास कसा येतो? पाय उचला म्हणतो ना!"

सिस्टर गप्प बसायच्या. चूक आपलीच, असं समजून आणखी कसोशीनं पाय आखडून घ्यायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

एकदा मागच्या ट्रकवाल्यानं शेजारी येऊन ओरडून सांगितलं, "ओ बाई, तुमचा मागचा ब्रेकचा लाल दिवा सारखा पेटलेलाच आहे!" मला वाटलं, आता तरी यांची ट्यूब पेटणार. मास्तरांनी गाडी तडक गॅरेजात नेली. मिस्त्रींनी दिव्याचं बटण बदललं, तपासून पाहिलं. गाडी ठणठणीत. ठणठणीत असणारच, कारण तपासताना मास्तर बाहेर उभे होते आणि त्यांचा पाय त्यांच्याबरोबर बाहेर होता. मिस्त्रींनी चाकं खोलली तेव्हा ते चक्रावले. "मास्तर, इतक्यात कसे झिजले हो हे ब्रेक? तुमची माणसं गाडी चालवतात का चावतात?" दोघं हसले. नवे ब्रेक बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरही तोच बूट.

सिस्टरची परीक्षा जवळ आली. परीक्षेआधी मास्तर प्रत्येकाला टेकडीच्या रस्त्यावर न्यायचे. उतार उतरता आला नाही तर गाडी आलीच नाही, असं त्यांचं ठाम मत. आणि सिस्टरना तर रोज तोच रस्ता ओलांडायचा होता. चढताना ठीक होतं. माथ्यावरून गाडी खाली लागली आणि पहिल्याच वळणाला मास्तरांचा पाय सवयीनं माझ्यावर आला. आला तो तिथेच राहिला.

मी तापू लागलो नव्हतो, पण चाकांकडचे ब्रेक तापू लागले होते. सळईतून मला ते कळत होतं. थोरला मऊ पडत चालला होता. वास आला. मास्तर म्हणाले, "पुन्हा क्लचवर पाय? पाय उचला, सिस्टर, उतारावर तरी उचला!"

"मास्तर, माझे दोन्ही पाय बाजूला आहेत," सिस्टर म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

पुढे वळण होतं. सिस्टरनी थोरल्याला दाबलं. तो खाली गेला, मी खाली गेलो, आम्ही दोघं भाऊ थेट तळाला टेकलो, आणि गाडी तशीच धावत राहिली. ब्रेकच्या नळ्यांतलं तेल उकळलं होतं. दाबायला काही उरलंच नव्हतं. मित्रांनो, ज्याचा जन्मच गाडी थांबवण्यासाठी आहे, त्याला तळाला टेकून गाडी पळताना ऐकावी लागली तर त्याचं काय होत असेल, याची कल्पना करा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"लागत नाहीये! मास्तर, ब्रेक लागत नाहीये!"

मास्तरांचा पाय गेलेला होता, पण डोकं जागेवर होतं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका शांत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ठीक आहे. क्लच दाबा. दुसरा गिअर. आता पाय उचला, हळू." गाडी हिसका देऊन किंचाळली. वेग थोडा मोडला. "बास. आता लांब बघा. चाकासमोर नको, लांब."

समोरून भोंगा आला. बस होती. भोंगा इतका मोठा, की माझं रबर थरथरलं. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला बस, आणि सिस्टर म्हणजे मोठं वाहन दिसलं की कडेला पळणाऱ्या! चाक गटारात गेलं असतं तर गाडी तिथेच उलटली असती. मी वाट बघत होतो, आता सरकतील, आता सरकतील.

"बसकडे बघू नका," मास्तर म्हणाले. "ती तिच्या जागेवर आहे. तुम्ही तुमची..."

"आपली जागा," सिस्टर दातओठ खात म्हणाल्या. गाडी वीतभरसुद्धा कडेला सरकली नाही. बसचा वारा दारावर थडकला आणि बस गेली.

"पहिला गिअर. आता हँडब्रेक, एकदम नाही, थोडा थोडा." पुढे कडेला खडीची मोकळी जागा होती. गाडी त्यात शिरली, खडखडली आणि थांबली. सिस्टरनी पाय मागे घेतला, तरी थोरला दबलेलाच राहिलेला त्यांनी पाहिला. चाकांतून धूर येत असावा, कारण मास्तर खोकत होते.

सिस्टर उतरल्या, गाडीला वळसा घालून मास्तरांच्या बाजूला आल्या आणि त्यांनी दार उघडलं. माझ्यावर उजेड पडला.

"मास्तर, पाय उचला," त्या म्हणाल्या.

"मी?"

"हो, तुम्ही. ब्रेकवरचा पाय उचला."

"वरच आहे की," मास्तर म्हणाले. त्यांनी खालीसुद्धा पाहिलं नाही. त्यांना इतकी खात्री होती. आणि मी त्यांच्या पायाचा सगळा भार अंगावर घेऊन खाली दबलेला होतो.

"खाली बघा."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा मला तेव्हा दिसला. आपल्याच घरात परका माणूस बसलेला दिसावा, तसे ते त्या पायाकडे बघत होते.

सिस्टरनी खडीत गुडघे टेकून त्यांचा बूट काढला. बुटातून बोराएवढा खडा खाली पडला. मोज्याला रक्त लागलं होतं. मास्तर सकाळपासून त्या खड्यावर चालत होते, उभे राहत होते, मला दाबत होते. सिस्टरनी गाडीची किल्ली तळव्याला टोचली.

"कळतंय?"

"काय कळतंय?" मास्तरांनी विचारलं.

मग त्यांना सगळं एकदम कळलं. लाल दिवा, झिजलेले ब्रेक, जळका वास. त्यांनी तोंड हातांनी झाकलं आणि ते रडले. "तुमचा काही दोष नव्हता हो. मी उगाच तुम्हाला बोलत राहिलो. आणि एवढी माणसं मी या पायाच्या भरवशावर रस्त्यावर नेली!"  सिस्टरनी आपली ओढणी फाडली आणि जखम बांधली.

मास्तरांची साखर भलतीच वाढलेली निघाली. पायातली जाणीव गेली होती ती गेलीच, पण पाय वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर बोटं कापावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर पुन्हा शिकवायच्या बाजूला बसले नाहीत. मिस्त्रींनी मला खोलून बाहेर काढलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी बटणं बदलत बसलो!" मास्तरांनी मला भंगारात जाऊ दिलं नाही, घरी आणलं. मास्तरीणबाई कुरकुरल्या, "हा लोखंडाचा तुकडा आता मी कुठे पुजू?" पण त्यांनीच मला खिडकीत जागा करून दिली. उशिरा का होईना, मला रस्ता दिसू लागला.

सिस्टर दुसऱ्या गाडीवर परीक्षेला बसल्या. आमच्या गाडीच्या सवयीनं त्यांनी पाय दाबला आणि ती मोकळी गाडी अशी काही उडाली, की परीक्षकांची टोपी मागच्या सीटवर जाऊन पडली. तरी पास झाल्या. आता त्या स्वतः गाडी चालवत टेकडीपलीकडे जातात आणि जाता जाता मास्तरांच्या पायाची पट्टी बदलतात. गाडी अंगणात थांबताना मी खिडकीतून बघतो. कडेला चिकटलेली नसते, मधेही नसते.

पट्टी झाली की त्या मला खिडकीतून काढतात, जमिनीवर ठेवतात आणि मास्तरांचा पाय हातानं कधी वर धरून, कधी माझ्यावर ठेवून विचारतात, "सांगा, पाय कुठे आहे?" सुरुवातीला मास्तर समोर बघत ठोकून द्यायचे, "वर." आणि पाय असायचा माझ्यावर. "नापास," सिस्टर म्हणायच्या. मास्तर चिडायचे. एवढ्यांना पास करणारा माणूस, त्याला रोज नापास व्हायची पाळी!

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजोबा, आत्या, काका म्हणत असतील, की पायाला मुंग्या येतात, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांचा बूट तुम्ही स्वतः काढा, तळवा उजेडात धरून बघा. आणि उद्या गाडी शिकाल तेव्हा शेजारी कितीही मोठे मास्तर बसलेले असोत, गाडी जड वाटली, वास आला, तर गप्प राहू नका. विचारा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.

परवा सिस्टरनी पुन्हा विचारलं, "सांगा मास्तर, पाय कुठे आहे?" मास्तर उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. मग त्यांनी मान वाकवून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ब्रेकवर आहे," ते म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय उचलला.

"पास," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी मला पुसून परत खिडकीत ठेवलं.